काजळपिसवांचा साक्षीदार

मर्डो हॅल्केट थापा मारतो हे आमच्या बेटांवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आमच्याकडे मेंढ्या भरपूर, वारा भरपूर, मटण तर तिन्ही त्रिकाळ. टंचाई काय ती करमणुकीची. संध्याकाळी जेवणं उरकली, चुलीत पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीची, आणखी एक ढेप सरकवली, की घरोघर वायरलेसचे डबे सुरू व्हायचे. बोलणारा एक, ऐकणारी सगळी बेटं. सकाळची वेळ स्टॅनलीच्या, म्हणजे आमच्या एकुलत्या एका शहराच्या, डॉक्टरांची. कुणाला कुठे गळू झालंय, कुणाचं पोट कधीपासून साफ नाही, हे आम्ही सगळे चहा पिता पिता ऐकायचो आणि पुढे तो माणूस भेटला की खुशाल विचारायचो, "काय, झालं का एकदाचं?" संध्याकाळची वेळ मात्र मर्डोची.

मर्डो स्कुआ बेटावर एकटा राहायचा. समोर, मधल्या पाण्यापलीकडे, लाँग बेट. तिथे क्लेम पेनरी, तोही एकटाच. सकाळी उठल्यावर दोघं आधी एकमेकांचं धुराडं बघत. धूर दिसला की माणूस जिवंत आहे असं समजून चहा ठेवत. शेजार बापांच्या काळापासूनचा आणि दोस्ती चाळीस वर्षांची.

मर्डोच्या एकूण एक गोष्टीत क्लेम असायचाच. क्लेमला म्हणे एका हत्तीसीलने जांभई देता देता गिळला, आणि त्याच्या मोज्यांचा वास सोसेना म्हणून परत ओकून टाकला. क्लेमची दाढी एका हिवाळ्यात अशी गोठली की त्याने ती करवतीने कापली आणि वसंतापर्यंत चुलीत जाळायला पुरवली. क्लेमने वाऱ्यावर हासडलेली शिवी पृथ्वीला वळसा घालून पाठीमागून त्याच्याच कानावर आली, आणि ही शिवी कुणी दिली म्हणून तो तावातावाने मर्डोच्या दारात भांडायला आला. प्रत्येक गोष्टीचा शेवट ठरलेला.

"खोटं वाटत असेल तर क्लेमलाच विचारा की!"

मग खट्‌ असा आवाज, जरा खरखर, आणि क्लेमचा तो संथ, मेंढीसारखा गरीब सूर:

"खरं आहे, चे. शब्दन् शब्द."

झालं. सगळ्या बेटांवर हसून हसून पुरेवाट. ('चे' म्हणजे आमच्याकडचं 'गड्या'.)

सगळ्यांत गाजली ती पेंग्विनची गोष्ट. तिला आता पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. पोर्ट ओवेनच्या मेंढीफार्मवर, मालकाच्या मोठ्या घरात, तेव्हा ऊना म्हणून एक स्वयंपाकीण होती, हसरी, दंडाने भक्कम. क्लेमने तिला घरी जेवायला बोलावलं होतं. गुपचूप बोलावण्याची सोय आमच्याकडे नाही, त्यामुळे सगळ्यांना कळलं होतं. क्लेमने खिडक्यांना हिरवा रंगही दिला होता. त्याच आठवड्यात मर्डोने सांगितलं की, क्लेम सध्या रोज रात्री दोन ताटं मांडून सराव करतो, समोरच्या खुर्चीत एक पेंग्विन बसवतो, तिच्या डोक्यावर आपल्या स्वर्गवासी आईची टोपी बांधतो आणि विचारतो, "ऊनाबाई, आणखी एक तुकडा वाढू का?"

ऊना स्वतःच डब्यावर आली. हसू दाबत म्हणाली, "क्लेम, अहो, खरं का हे?"

त्या दिवशी खरखर जरा जास्त वेळ चालली. मग: "खरं आहे, चे. शब्दन् शब्द."

ऊना त्या आठवड्यात आली नाही. हवा वाईट होती म्हणे. पुढच्या आठवड्यात हवा चांगली होती, तरी आली नाही. नंतर तिने स्टॅनलीतल्या एका पाववाल्याशी लग्न केलं. मर्डो ही गोष्ट आपली सर्वांत उत्तम म्हणून सांगायचा. क्लेमही हसला होता म्हणायचा. डब्यावर हसणं दिसत नाही, पण मर्डोने ते धरून चालायचं ठरवलं होतं.

आता काजळपिसवांकडे येतो. आमच्या किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेत, सडक्या समुद्रवेलींखाली आणि दगडांच्या पोटाशी ही बारकी निळसर-काळी पूड असते. बोट लावलं की पूड उडते. लहानपणी आम्ही त्यांना काजळपिसू म्हणायचो आणि एकमेकांच्या मानेत टाकायचो. त्यांचं याहून जास्त काही असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात मिस थर्लो आल्या. त्या विलायतेतल्या कुठल्याशा संग्रहालयात किडे बघायच्या. महिनाभर मर्डोकडे उतरल्या, रोज मटण खाल्लं, एकदाही तोंड वाकडं केलं नाही, आणि दिवसभर किनाऱ्यावर गुडघे टेकून तोंडातल्या नळीने काजळपिसवा बाटलीत ओढत राहिल्या.

"ही पिसू नव्हे, मर्डो," त्या सांगायच्या. "ही स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेला काटा असतो, तो सुटला की उडते. गोठली तरी मरत नाही. पाण्यात भिजत नाही. मला कोडं आहे ते वेगळंच. तुमच्या बेटावर जी जात आहे तीच समोरच्या बेटावर. पंख नाहीत. मग मधलं पाणी ओलांडते कशी?"

"होडीचं भाडं देऊन," मर्डो म्हणाला. "क्लेम सोडतो त्यांना. एकेकीचे पाय मोजून पैसे घेतो."

मिस थर्लो पोट धरून हसल्या. महिनाभर त्या हसल्या. निघताना मात्र त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मर्डो, माफ करा हं. तुम्ही मला इतकं सांगितलंत, पण त्यातलं एक अक्षरही मला कागदावर घेता आलं नाही." त्यांनी ते प्रेमाने म्हटलं होतं. पण मर्डोला ते काट्यासारखं रुतलं, आणि काटा असा की काढायला गेलं तर आणखी आत जावा. एक अक्षर नाही! बासष्ट वर्षांचं आयुष्य आणि लिहिण्याजोगं एक वाक्य नाही. तेव्हापासून त्याला एकच वेड लागलं: एकदा, फक्त एकदा, आपण सांगितलेलं कुणीतरी लिहून घ्यावं.

पुढच्या वर्षी पानगळीच्या दिवसांत (पानं आमच्याकडे नाहीत, पण दिवस तेच) एके सकाळी मर्डोला शांततेने जाग आली. वारा पडला होता. आपण मेलो की काय असं वाटून त्याने आधी स्वतःचं नाक चाचपलं. बाहेर पाणी आरशासारखं. क्लेम आपला मेंढा परत न्यायला होडी घेऊन आला होता. मेंढा भांडखोर, म्हणून त्याला धरायला मर्डोही निघाला; क्लेमकडे जेवायचं, राहायचं, उद्या परतायचं.

क्लेम वल्ही मारत होता. मर्डो त्याच्या पाठीमागे, नाळेत, होडीच्या पुढच्या टोकाला, मेंढ्याच्या मानेला मिठी मारून बसला होता. अर्ध्या पाण्यात आल्यावर पुढे राखाडी सावली दिसली.

"चे, क्लेम, तेल सांडलंय बघ कुणाचं तरी."

तेल नव्हतं. काजळपिसवा होत्या. पाण्यावर अंथरलेली एक घोंगडी, एखाद्या मेंढवाड्याएवढी रुंद, ओहोटीबरोबर स्कुआवरून लाँगकडे सावकाश सरकत होती. मधोमध समुद्रवेलीचं एक पान, आणि त्याच्यावर तर त्या बोटभर जाड बसलेल्या. होडी आत शिरली तशा त्या उडू लागल्या. वल्ह्यांवर, मेंढ्याच्या लोकरीवर, दोघांच्या मिशांवर अशी बारीक टपटप सुरू झाली की डोळे मिटले असते तर भुरभुर पाऊस वाटला असता. पाण्यात पडायच्या आणि कोरड्याच वर उभ्या राहायच्या.

मर्डोच्या तोंडून आयुष्यात प्रथमच शब्द फुटेना. मग एकदम ओरडला, "डबा! क्लेम, तुझा तंबाखूचा डबा दे!"

"तंबाखू आहे त्यात," क्लेम मागे न बघता म्हणाला.

"ओत की समुद्रात!"

"जहाज यायला अजून वेळ आहे, चे. तंबाखू कुठून आणू?"

मर्डोने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि तिने घोंगडीचा एक तुकडा गाळून घेतला. किनाऱ्याला लागेपर्यंत टोपीत ओल तेवढी उरली. पण त्याला पर्वा नव्हती. त्याने पाहिलं होतं, क्लेमने पाहिलं होतं, मेंढ्यानेही पाहिलं होतं. रात्रीच्या जेवणाला क्लेमने दोन ताटं मांडली. मर्डो एवढा बोलत होता की जेवणानंतर क्लेमने पाइप तोंडात नुसताच धरला, पेटवला नाही, हे त्याला दिसलं पण त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लेमने त्याला घरी पोचवलं. संध्याकाळी मर्डोने डबा सुरू केला. नशीब असं की मिस थर्लो त्याच आठवड्यात स्टॅनलीत उतरल्या होत्या. लोकर भरायला निघणाऱ्या जहाजातून त्या बेटं फिरणार होत्या. स्टॅनलीच्या वायरलेसवाल्या एफीने त्यांना यंत्रासमोर आणून बसवलं.

मर्डोने सगळं सांगितलं. न रंगवता सांगितलं. कुठे पाहिलं, वारा कसा पडला होता, ओहोटी कुठल्या बाजूची, घोंगडी केवढी. इतकं सरळ सांगितलं की ऐकणाऱ्यांना तो आजारी आहे असं वाटलं.

"मर्डो," मिस थर्लो म्हणाल्या, "मी जहाजवाल्यांच्या पाया पडून स्कुआला एक दिवस थांबायला लावीन. पण नुसत्या तुमच्या सांगण्यावर ते थांबायचे नाहीत. तुम्हाला मी का सांगायला हवं? दुसरं कुणी पाहिलंय?"

मर्डोचा ऊर भरून आला. हे वाक्य त्याच्या जिभेवर चाळीस वर्षं तयार होतं.

"क्लेमलाच विचारा की!"

सगळी बेटं थांबली. खट्‌. खरखर.

"कधी म्हणालास, चे?" क्लेम म्हणाला.

"कधी काय! काल! मेंढा नेलास तेव्हा!"

"काल मी घरी होतो. होडी उलटी घालून डांबर लावत होतो."

मग हशा असा फुटला की एफीच्या यंत्राची काच थरथरली म्हणतात. पोर्ट ओवेनचा फोरमन ओरडला, "साक्षीदार फुटला रे, मर्डो!" कुणी म्हणालं, "आता मेंढ्याला बोलवा डब्यावर!" कुणीतरी बें करून मेंढ्याची साक्षही काढली. मर्डोसुद्धा हसला. पट्ठ्याने काय वेळ साधली, वा! आता म्हणेल, थट्टा केली. आता म्हणेल.

क्लेमने आपला डबा बंद केला. मिस थर्लो हसल्या, आणि त्यांच्या हसण्यात थोडी निराशा होती. "चला, मर्डो, गोष्ट मात्र छान होती," म्हणाल्या.

सकाळी डॉक्टरांच्या वेळेआधी मर्डोने हाक मारली. "चे, क्लेम, मजा झाली. आता खरं सांगून टाक. जहाज निघेल."

"बॅटरी उतरलीय," क्लेम म्हणाला, आणि खट्‌.

पुढच्या दिवसांत वारा परत आला आणि असा आला की होडी पाण्यात घालणं म्हणजे जीव देणं. मर्डो खिडकीशी बसून समोरचं धुराडं बघत राहिला. धूर रोज वेळेवर निघायचा. कधी नव्हे ते त्याला त्या धुराचा राग आला. त्याने आठवून पाहिलं, आपलं काय चुकलं. मेंढा वेळेत दिला होता. उसनी घेतलेली कात्री परत केली होती. काही सापडेना.

जहाज दिसलं त्या सकाळी तो टेकाडावर चढला. टेकाडावर डिडल-डीच्या वाळक्या झुडपांचे ढीग आमच्याकडे प्रत्येक बेटावर रचलेले असतात. डबे नव्हते तेव्हापासूनची रीत आहे. एक धूर केला तर सवडीने होडी पाठवा, दोन केले तर माणूस आजारी आहे, तीन केले तर मेला. दोन धूर दिसले की ज्याला दिसले त्याने तडक जायचं, मग ते जहाज असो की वैरी. तोंडाने काय वाटेल ते बोलावं, धुराने खोटं बोलायचं नाही. मर्डो लहान असताना त्याच्या बापाने दोन धूर केले होते आणि क्लेमचा बाप बर्फाच्या वादळात वल्ही मारत आला होता. म्हणून मर्डोची आई वाचली होती.

जहाज समोरून चाललं होतं. एका धुराला ते थांबलं नसतं, दोन धूर केले की वळलं असतं. मिस थर्लो उतरल्या असत्या. किनाऱ्याजवळचं पाणी दाखवलं असतं, शपथा घातल्या असत्या. मर्डोने काडी ओढली. वाऱ्याने विझवली. पाठ करून दुसरी ओढली; ती पेटली, तळहाताच्या आडोशाला नीट जळू लागली. ढीग वीतभर अंतरावर होता. त्याने काडी बोटांपर्यंत जळू दिली आणि चटका बसल्यावर टाकून तिच्यावर बूट ठेवला. उभ्या आयुष्यात जेवढं म्हणून खोटं बोलायचं ते तो बोलला होता, पण हे त्याच्याने बोलवेना.

मग त्याने दुर्बीण डोळ्याला लावली.

जहाज लाँग बेटाच्या धक्क्याला लागलं. लोकरीच्या गाठी चढू लागल्या. पिवळ्या रेनकोटातल्या मिस थर्लो उतरल्या. क्लेमने त्यांना हात दिला. क्लेमने सदरा बदलला होता. दोघं किनाऱ्याने चालत गेले. मग क्लेमने कोटाच्या आतल्या खिशातून काहीतरी काढलं. ते चकाकलं. मिस थर्लोंनी ते दोन्ही हातांत घेतलं, झाकण उघडलं आणि ओल्या वाळूत तशाच गुडघ्यांवर बसल्या.

पाइप पेटवला नव्हता, हे मर्डोच्या डोक्यात आता शिरलं. क्लेमने तंबाखू त्याच दिवशी समुद्रात ओतला होता. त्याच्या पाठीमागे बसून मर्डो टोपीने पिसवा गाळत होता तेव्हाच.

संध्याकाळी डबा लावायचा नाही असं त्याने ठरवलं, आणि नेहमीपेक्षा लवकर लावला.

मिस थर्लो जहाजावरून बोलत होत्या. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. मिस्टर पेनरींनी काजळपिसवांचा अख्खा तांडा समुद्र ओलांडताना पाहिला, डब्यात धरला, ओल्या वेलीत जिवंत ठेवला. तो सगळा वृत्तांत त्यांनी लिहून घेतला होता, मिस्टर पेनरींच्याच शब्दांत.

"वा रे क्लेम!" "शाब्बास, चे!" सगळीकडून शाबासकी. मग पोर्ट ओवेनचा फोरमन म्हणाला, "पण हीच गोष्ट त्या दिवशी मर्डो सांगत नव्हता का?"

"म्हणजे क्लेमची ढापली होय त्याने!" एक बाई म्हणाली. "थापा संपल्या, आता चोऱ्या सुरू!"

हशा. मर्डोने बोलायचं बटण दाबायला अंगठा उचलला. टोपीचं सांगता आलं असतं. मेंढ्याच्या कपाळावर बसलेल्यांचं सांगता आलं असतं. कुणी ऐकलं असतं?

मिस थर्लोंनी विचारलं, "मिस्टर पेनरी, नोंदीसाठी विचारते हं. तुमच्याबरोबर दुसरं कुणीच नव्हतं?"

खरखर बराच वेळ चालली. मर्डोला वाटलं, आता. अजूनही तो म्हणेल.

"माझ्याबरोबर कोण असणार, बाई," क्लेम म्हणाला. "माझ्याकडे दुसरं ताट असतं ते पेंग्विनचं."

बेटं पुन्हा खदखदली. ती गोष्ट सगळ्यांची लाडकी. मर्डो मात्र हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे हिरव्या खिडक्या आल्या. कोणत्या आठवड्यात रंगवल्या होत्या ते आठवलं. ऊनाच्या प्रश्नानंतर खरखर किती लांबली होती ते आठवलं. पंधरा-सोळा वर्षं तो ती गोष्ट सांगत आला होता, आणि दर वेळी शेवटी त्याच माणसाकडून खरेपणाची पावती मागत आला होता. आणि त्या माणसाने दर वेळी दिली होती.

"आणि विश्वास बसत नसेल," क्लेम सावकाश म्हणाला, "तर मर्डोलाच विचारा की."

आता कुणी हसलं नाही. गंमत कुठे आहे ते लोकांना कळेना, पण आहे हे कळत होतं, म्हणून सगळे कान लावून बसले. पलीकडे क्लेमने बटण दाबूनच धरलं होतं; त्याचा श्वास ऐकू येत होता. बटण सुटलं.

मर्डोच्या समोर टेबलावर ती लोकरीची टोपी पडली होती. त्याने ती उलटी केली, पुन्हा सुलटी केली. चुलीतली पीटची ढेप आवाज न करता आत कोसळली.

त्याने बटणावर अंगठा ठेवला.

"खरं आहे, चे," मर्डो म्हणाला. "शब्दन् शब्द."